वाट दाखविणारे यंत्र आणि वाट नसलेले पाडे

संकटात सापडलेल्या माणसांना वाट दाखवून सुरक्षित जागी नेण्याचे काम यंत्रमानवाकडे सोपवावे, ही कल्पना आता विज्ञानकथांपुरती उरलेली नाही. परदेशांतील विद्यापीठांत तिच्यावर प्रयोग झाले आहेत. आपल्याकडेही आग विझविणारा यंत्रमानव मुंबई अग्निशमन दलात दाखल होऊन काही वर्षे लोटली. आज जो पाणी मारतो तो उद्या वाटही दाखवू लागेल. अशा वेळी यंत्र हवे की नको, एवढ्यावरच वाद घालीत बसण्यात अर्थ नाही. कष्टकऱ्यांच्या बाजूने विचार करणाऱ्याने विचारावयाचा प्रश्न असा आहे की, हे यंत्र कोणाला, कोठे आणि कोणाच्या हुकुमाने वाट दाखविणार? आणि ज्याला वाट दाखवावयाची, त्याच्या दारापाशी मुळात वाट आहे काय? शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या भूमीवरून हा प्रश्न विचारला म्हणजे त्याचे उत्तर मुंबईच्या कचेरीतून दिसते त्याहून वेगळे दिसू लागते.

२०१९ सालच्या जुलै महिन्यात अवघ्या पाच दिवसांच्या अंतराने दोन घटना घडल्या. २२ जुलै रोजी वांद्रे येथील महानगर टेलिफोन निगमच्या नऊमजली इमारतीला आग लागली. धुरामुळे जिने बंद झाले आणि कर्मचारी गच्चीवर जाऊन अडकले. अग्निशमन दलाने नुकताच घेतलेला यंत्रमानव या आगीत पाणी मारण्यासाठी उतरविण्यात आला. त्याचे कौतुक सर्व वृत्तपत्रांत झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. कारण ज्या उष्णतेत जवानाने जाऊ नये तेथे ते यंत्र गेले. परंतु गच्चीवरच्या ८० हून अधिक माणसांना खाली आणले ते मात्र शिड्यांनी आणि जवानांच्या हातांनी.

दुसरी घटना २७ जुलैची. मुरबाडला लागूनच असलेल्या अंबरनाथ तालुक्यात, बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये उल्हास नदीच्या पुराने रेल्वेमार्ग गिळला आणि आदल्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्याने वेढली गेली. गाडीत सुमारे १०५० प्रवासी होते. त्यांत गरोदर स्त्रिया होत्या, मुले होती, वृद्ध होते. गाडीतून उतरू नका, गाडीतच तुम्ही सुरक्षित आहात, असे रेल्वेने प्रवाशांना बजावले. पुढे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या रबरी होड्या आल्या, नौदलाचे पाणबुडे आले, हेलिकॉप्टर आले, आणि दुपारपर्यंत सर्वजण सुखरूप बाहेर पडले. या सर्वांच्या बरोबरीने आसपासच्या गावांतील माणसेही मदतीला धावली होती. कोठे खड्डा आहे, कोठे ओढा मिळतो, बुडालेल्या शेताचा बांध कोणत्या रेषेत जातो हे त्यांना पाठ होते. त्या दिवशी वाट दाखविणारे जे जे होते त्यांत त्यांचाही वाटा होता. पण त्यांचे नाव कोणत्याही शासकीय योजनेत नव्हते.

या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे यंत्राचे क्षेत्र कोणते आणि माणसाचे कोणते, हे समजू लागते. वाट दाखविणारा यंत्रमानव चालतो तो चाकांवर किंवा पट्ट्यांवर. लेसर किरणांनी भिंतींचे अंतर मोजतो, इमारतीचा नकाशा आपल्या स्मृतीत ठेवतो, धूर आणि उष्णता ओळखतो, आणि दिवे लावून किंवा हात हलवून लोकांना दिशा दाखवितो. त्याला सपाट जमीन लागते, भारलेली बॅटरी लागते, बिनतारी संपर्क लागतो, आणि मुख्य म्हणजे आधी तयार केलेला नकाशा लागतो. कार्यालये, रुग्णालये, भूमिगत रेल्वेची स्थानके, बोगदे अशा बांधीव जागांत तो उपयोगी पडू शकेल. पण आषाढाच्या रात्री डोंगरउतारावरच्या ठाकूरवाडीत, जेथे पायवाटेचाच ओढा झालेला असतो आणि मोबाइलला संपर्क मिळविण्यासाठी टेकडीवर चढावे लागते, तेथे तो एक पाऊलही टाकू शकणार नाही.

यंत्राच्या मर्यादेपेक्षाही गंभीर असा दुसरा मुद्दा आहे, आणि तो माणसाच्या मनाचा आहे. अमेरिकेतील अटलांटा शहरातल्या जॉर्जिया टेक या संस्थेतील संशोधकांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना एका इमारतीत बोलावून 'आपत्कालीन मार्गदर्शक' असे नाव लावलेल्या यंत्रमानवाच्या मागून एका खोलीत नेण्यात आले. काहींच्या बाबतीत तर यंत्रमानव वाटेतच चुकला आणि भलत्याच खोलीत शिरला. त्यानंतर मार्गिकेत कृत्रिम धूर सोडून धोक्याची घंटा वाजविण्यात आली. लोक बाहेर आले तेव्हा तोच यंत्रमानव त्यांना, ज्या दाराने ते आत आले होते त्या खुणा केलेल्या दाराकडे न नेता, दुसऱ्याच दिशेकडे बोट दाखवीत होता. या प्रसंगातून गेलेले सर्वच्या सर्व २६ जण त्याच्या मागे गेले. पुढे काहींच्या बाबतीत त्याने सामान टाकून अडविलेल्या अंधाऱ्या खोलीकडे बोट दाखविले, तरीही त्यांतील काहीजण तिकडे वळले. लोक यंत्रावर विश्वास ठेवणार नाहीत, अशी भीती संशोधकांना होती. प्रत्यक्षात लोकांनी प्रमाणाबाहेर विश्वास ठेवला.

या प्रयोगाचा अर्थ आमच्या मते फार दूरवर जाणारा आहे. घाबरलेला माणूस, जो अधिकाराची खूण अंगावर वागवितो त्याच्या मागे जातो. मग ती खूण खाकी गणवेशाची असो वा लुकलुकणाऱ्या दिव्यांची. गावातला जाणता माणूस चुकीची वाट दाखवू लागला, तर दुसरा त्याला तेथेच अडवून 'अरे दादा, तिकडे पाणी चढलंय' असे सांगू शकतो. यंत्राला कोण अडविणार? आणि यंत्र चुकले तर जाब कोणाला विचारावयाचा? ते पुरविणाऱ्या कंपनीला, देखभालीच्या ठेकेदाराला, निविदा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला, की आज्ञावली लिहिणाऱ्या परदेशस्थ तंत्रज्ञाला? ज्याला जाब विचारता येत नाही त्याच्या हाती लोकांचे प्राण देणे म्हणजे लोकशाहीतील जबाबदारीचे तत्त्वच गुंडाळून ठेवणे होय.

स्वयंचलित यंत्र आपल्या भागाला अगदीच अपरिचित आहे, असेही कोणी समजू नये. मुरबाड तालुक्यातील गावे आणि पाडे पाण्याखाली घालून औद्योगिक विकास महामंडळाने ज्या बारवी धरणाची उंची वाढविली, त्याचे दरवाजे स्वयंचलित आहेत. जलाशयाची पातळी ७२.६० मीटरवर पोचली की ते आपोआप उघडतात. धरणाच्या सुरक्षिततेसाठी ही रचना योग्यच आहे. पण दरवाजा आपोआप उघडत असेल, तर नदीकाठच्या माणसाला इशारा देणारी व्यवस्थाही तितकीच बिनचूक असली पाहिजे. शहापूर तालुक्यातील भातसा धरणाचीही हीच कथा. मुंबईला लागणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी एकटे भातसा देते. त्याची पातळी पावसाळ्यात रोज मुंबईच्या वृत्तपत्रांत छापून येते. मुंबईकराला ती टक्केवारीसह ठाऊक असते. पण त्याच धरणाचे दरवाजे उघडले म्हणजे पाणी ज्या सापगावच्या पुलाकडे धावते, त्या पुलापलीकडे शाळेत गेलेल्या मुलाच्या आईला ती बातमी किती वेळ आधी मिळावी, याचा नियम कोणत्या फलकावर लिहिलेला आहे? ज्या तालुक्याच्या पोटातून महानगराची तहान भागते आणि ज्याच्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्या तालुक्याला निदान पुराची सूचना तरी महानगराच्या बरोबरीने मिळावी, ही मागणी अवाजवी म्हणता येईल काय?

याच शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाने आणखी एक विसंगती उभी केली आहे. इगतपुरी ते आमणे हा महामार्गाचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. या टप्प्यात इगतपुरीकडून शहापूर तालुक्यातील वाशाळ्याकडे उतरणारा सुमारे ८ किलोमीटर लांबीचा जुळा बोगदा आहे. त्यात आग लागल्यास पाण्याचे सूक्ष्म तुषार उडवून ती दाबून टाकणारी अद्ययावत यंत्रणा बसविलेली आहे. ती बसविली हे चांगलेच झाले. युरोपातील माँ ब्लाँ बोगद्यात १९९९ साली लागलेल्या आगीत ३९ जण दगावले आणि त्यांतील बरेचसे आपल्या वाहनांतच किंवा वाहनांजवळच धुराने गुदमरले. केव्हा उतरावे आणि कोणीकडे धावावे हे त्यांना कळले नाही. अशा बोगद्यात वाट दाखविणारे यंत्र ठेवले तर आम्ही त्याचे स्वागतच करू.

परंतु हाच महामार्ग बांधताना, याच तालुक्यात, सरळांबे गावाजवळ ३१ जुलै २०२३ च्या रात्री पुलाच्या तुळया बसविणारे अवजड यंत्र कोसळले आणि २० कामगार ठार झाले. मोटारीतून जाणाऱ्या प्रवाशासाठी बोगद्यात जी काळजी घेतली गेली, तिचा काही अंश तरी भर पावसाळ्यात रात्रपाळीला उंचावर काम करणाऱ्या परप्रांतीय मजुराच्या वाट्याला आला होता काय? यंत्र नव्हते म्हणून ते मेले नाहीत. यंत्राखालीच ते मेले. सुरक्षितता ही रस्ता वापरणाऱ्याच्या हक्काची आणि रस्ता बांधणाऱ्याच्या नशिबाची, असा जो विभाग पाडला जातो, त्याचे मूळ यंत्रविज्ञानात सापडणार नाही. ते समाजरचनेत आहे.

डोंगराकडे वळलो तर हे आणखी स्पष्ट होते. मुरबाडकडून आहुपे घाटाने वर चढले की आंबेगाव तालुका लागतो. त्याच तालुक्यातील माळीण ३० जुलै २०१४ च्या सकाळी दरडीखाली गेले आणि १५१ माणसे मृत्युमुखी पडली. गाव नाहीसे झाले आहे ही बातमी जगाला प्रथम कळविली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी.च्या चालकाने. म्हणजे रस्ता होता, एस.टी. होती, म्हणून निदान बातमी तरी कळली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी या ठाकरांच्या वस्तीवर डोंगर कोसळला. तेथे तर रस्ताच नव्हता. बचाव पथके अंधारात, पावसात, चिखलातून चढून गेली. चढतानाच नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका कर्मचाऱ्याचा अंत झाला. माती उपसणारे एकही मोठे यंत्र वर नेता आले नाही. फावड्यांनी आणि हातांनी माती उकरावी लागली. २७ मृतदेह सापडले आणि ५७ माणसे बेपत्ता म्हणून नोंदवून चौथ्या दिवशी शोध थांबविण्यात आला. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते, हे शासनानेच सांगितले. ज्या वाडीचे नाव यादीत नाही आणि जिला जाणारा रस्ता नकाशावर नाही, तिचा नकाशा यंत्रमानवाच्या स्मृतीत कोठून येणार?

उत्तराखंडातील सिल्क्यारा बोगद्याचा धडाही ताजाच आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तेथे ४१ कामगार १७ दिवस अडकून पडले. परदेशी बनावटीचे प्रचंड छिद्रयंत्र ढिगाऱ्यातील लोखंडात अडकून मोडले आणि उरलेले काही मीटर अंतर हातांनी खणून काढले ते अरुंद बिळे खणणाऱ्या गरीब मजुरांनी. यावरून यंत्र निरुपयोगी असते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. बहुतेक अंतर यंत्रानेच कापले होते. निष्कर्ष इतकाच की, यंत्र थांबते तेथून पुढे जाणारा माणूस व्यवस्थेत असावा लागतो, आणि त्याची आठवण केवळ संकटाच्या सतराव्या दिवशी होऊन चालत नाही.

आमच्याच काही मित्रांना यंत्रमानव म्हटले की श्रीमंतांचे खेळणे किंवा कामगाराच्या पोटावर पाय आठवतो. त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. गटारात उतरून गुदमरणारा सफाई कामगार, रासायनिक कारखान्याच्या आगीत शिरणारा जवान, ढिगाऱ्याखाली सरपटत जाणारा मजूर यांचे प्राण यंत्राने वाचत असतील, तर ते यंत्र पहिल्या प्रथम मागण्याचा अधिकार कष्टकऱ्यांचा आहे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २०१६ आणि २०२४ साली झालेले स्फोट ठाणे जिल्हा विसरलेला नाही, आणि कारखाने मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतही आहेत. डॉ. लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला होता तो यंत्राच्या द्वेषापोटी नव्हे. यंत्र लोकांच्या हाती राहावे, त्यांना दुरुस्त करता यावे, त्यांच्या गावाला पेलावे, हा त्यामागील विचार होता. त्याच कसोटीने पाहिले तर डोंगरातल्या पाड्याला आज हवे असलेले यंत्र म्हणजे हाताने फिरविता येणारा भोंगा, ग्रामपंचायतीच्या ताब्यातील पर्जन्यमापक, सूर्यप्रकाशावर चालणारा दिवा आणि मोबाइलचा मनोरा बंद पडला तरी तहसील कचेरीशी बोलू शकणारा बिनतारी संच. २०२३ साली मोबाइलवरून धोक्याचा मोठा आवाज करणाऱ्या संदेशाच्या चाचण्या देशभर झाल्या. ती सोय उत्तम आहे; पण ती मनोऱ्याच्या पलीकडे जात नाही.

आणि माणसांचे काय? वाट दाखविणारी माणसे गावात पूर्वीपासून आहेत. पोलीस पाटील आहे, दवंडी देणारा कोतवाल आहे, आशा सेविका आहे, अंगणवाडी सेविका आहे. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, कोणती सून दिवसांत आहे, कोणाला ऐकू येत नाही, हे ज्ञान कोणत्याही यंत्राजवळ नाही. ते आशा सेविकेजवळ आहे. गरोदर स्त्रीला झोळी करून चिखलातून खाली आणावयाचे असते तेव्हा तिच्या पुढे चालणारी तीच असते. परंतु या स्त्रियांना शासन कर्मचारी मानीत नाही, त्यांना वेतन न देता मानधन देते, आणि ते वाढवून घेण्यासाठीही त्यांना संपावर जावे लागते. आपद्‌मित्र म्हणून स्वयंसेवकांना शिकविण्याची केंद्राची योजना आहे. तिच्यातून मिळणारे शिक्षण कसाऱ्याच्या आणि माळशेजच्या पायथ्याच्या पाड्यांपर्यंत पोचले पाहिजे. लाखो रुपयांचे यंत्र विकत घेताना तिजोरी उघडते आणि वाट ठाऊक असलेल्या बाईचे मानधन वाढविताना ती बंद होते, तेव्हा शासनाला सुरक्षितता हवी आहे की प्रदर्शन, हा संशय रास्त ठरतो.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, शहापूर व मुरबाड तालुक्यांतील प्रत्येक पाड्याची, दरडीच्या आणि पुराच्या धोक्यासह, नव्याने नोंद व्हावी आणि ती यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी. शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो; १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला जो मान दिला आहे तो आपत्तीच्या प्रश्नातही राखला पाहिजे. दुसरी, ज्या पाड्याला बारमाही रस्ता नाही त्याला तो मिळेपर्यंत पावसाळ्यापुरत्या सुरक्षित निवाऱ्याची सोय व्हावी. तिसरी, भातसा आणि बारवीच्या दरवाजांचा इशारा नदीकाठच्या गावांत भोंग्याने, लोकांना समजेल अशा खुणेने आणि ठरलेल्या वेळेआधी द्यावा. चौथी, आशा, अंगणवाडी सेविका, कोतवाल यांना आपत्तीतील कामाचे रीतसर शिक्षण, विमा आणि मोबदला मिळावा.

पाचवी मागणी यंत्राविषयीची. बोगद्यात, कारखान्यात वा रुग्णालयात वाट दाखविणारा यंत्रमानव आणावयाचा असेल तर तो सार्वजनिक अग्निशमन दलाच्या मालकीचा असावा. जवळच उभ्या असलेल्या प्रशिक्षित माणसाला त्याचा हुकूम तत्क्षणी रद्द करता यावा. तो ज्या लोकांना वाट दाखविणार त्यांच्यासमोर आणि त्यांच्या भाषेत त्याची चाचणी व्हावी. आणि तो चुकला तर उत्तर कोणी द्यावयाचे, त्या अधिकाऱ्याचे पद आधीच जाहीर व्हावे. या अटी पाळल्या जातील तेथे आम्ही यंत्राच्या बाजूने उभे राहू.

शासनाने हे करावे असे म्हणून कार्यकर्त्यांना मोकळे होता येणार नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी दोन्ही तालुक्यांतील आपल्या साथींनी पाड्यापाड्यांत जाऊन एवढे मोजावे: डांबरी रस्ता किती अंतरावर आहे, मोबाइलचा संपर्क कोठे मिळतो, ओढ्यावरील साकव शाबूत आहे काय, भोंगा आहे काय आणि तो वाजविण्याची जबाबदारी कोणाची, रात्री उठून जावयाचे झाले तर कोणत्या शाळेत वा समाजमंदिरात जावयाचे आणि तेथवरची वाट पाण्याखाली जाते काय. ही माहिती एका वहीत लिहून तिची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक तहसीलदाराकडे पोच घेऊन द्यावी. मग भर पावसात एकदा साऱ्या पाड्याला बरोबर घेऊन त्या वाटेने चालावे. म्हाताऱ्यांना, मुलांना, लंगडणाऱ्यालाही बरोबर घ्यावे. किती वेळ लागतो तेही मोजावे. पोच घेतलेल्या कागदाला शासनाला उत्तर द्यावे लागते, आणि एकदा पायांनी चाललेली वाट अंधारातही आठवते.